एक जूनची माणसं

१ मार्च, रविवार

फॉर्म भरायचा की नाही हे मेपर्यंत ठरवायचं, असं आज ठरवलं. एवढं ठरवण्यातच अख्खा रविवार गेला.

एका बाजूला कराडची बँक. क्लार्कच्या यादीत माझं नाव लागलंय, १५ मेच्या आत होकार कळवायचा. मामा तिला 'आपली बँक' म्हणतो. मामाचं तिथं फक्त खातं आहे. दुसऱ्या बाजूला अॅक्चुअरी, म्हणजे विम्याचं गणित. आधी प्रवेश परीक्षा, मग तेरा पेपर, आणि तोवर पोटापाण्याला बेलापूरच्या ऑफिसातलं हेच कंत्राटी काम. विम्याचे क्लेम कॉम्प्युटरवर चढवा, सहा वाजले की घरी.

आबा १ जूनला रिटायर. मार्केटात छत्तीस वर्षं पोती उचलली, आता बास. म्हणजे जूनपासून घरात पक्का पगार एकाचाही नाही.

आईला अजून काही बोललेले नाही. हिंमत झाली की बघू.

३ मार्च, मंगळ.

दे. सरांना विचारलं. देशमुख सर, आमच्या ऑफिसात ह्या परीक्षा देणारे एकटेच. एकोणीस वर्षं देतायत. स्वतःचं आयुष्य पेपरांवरून सांगतात. तिसऱ्या पेपरला लग्न झालं, पाचव्याला मुलगी, सातवा चारदा दिला तेव्हा गुडघा गेला.

किती राहिले म्हटलं. चष्मा पुसला, म्हणाले दोनच. कधीपासून दोन? चष्मा परत पुसला.

मग त्यांनी एक तक्ता दाखवला. एक लाख मुलं जन्मली, त्यातली दहाव्या वर्षी किती उरली, चाळिसाव्या, सत्तराव्या. नुसते आकडे, खाली खाली उतरत जाणारे. "ह्यातला एकही माणूस आपल्या ओळखीचा नाही, पण सगळे खरे आहेत," म्हणाले. मी बघतच बसले. सहाची बस गेली, साडेसहाची पण गेली.

७ मार्च, शनि.

सांगितलं घरी. आई पोळ्या लाटत होती. म्हटलं, कुठल्या वयाची किती माणसं साधारण किती वर्षं जगतील ते काढायचं, त्यावरून विम्याचा हप्ता ठरतो. आईने लाटणं खाली ठेवलं.

"म्हणजे कोण कधी मरणार ते तू काढणार?"

एकाचं नाही गं आई, हजारांचं मिळून काढतात. ह्याने ती शांत होईल असं मला का वाटलं कुणास ठाऊक. तिने गॅसच बंद केला.

आबा जेवत होते. त्यांनी एकच विचारलं, त्यात काही उचलायला लागतं का? नाही म्हटलं. मग चांगलंय म्हणाले आणि आमटी मागितली.

१० मार्च, मंगळ.

आईने शेजारच्या हिराकाकींना सांगितलं. काकी इथल्याच, जुईनगर गावातल्या, त्यामुळे त्यांना सांगणं म्हणजे खाडीपर्यंत सगळ्यांना सांगणं. संध्याकाळी काकी सासूची हॉस्पिटलची फाईल घेऊन हजर. सासू नव्वदीची.

मी नीट समजावलं. एका माणसाचं कुणालाच सांगता येत नाही. पण हजार माणसं घेतली, तर त्यातली किती उरतील ते सांगता येतं. काकींनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.

"बरं. मंग मना सांग गो, त्या हजारानमंदी आमची म्हातारी कुठं हाय?"

ह्याचं उत्तर दे. सरांकडे पण नसणार. काकी फाईल ठेवून गेल्या. सावकाश बघ म्हणाल्या, घाई नाय.

१४ मार्च, शनि.

बिल्डिंगीत माझी वट वाढलीय, पण नको त्या बाजूने. दुसऱ्या मजल्यावरचे सावंत आजोबा मी जिन्यात दिसले की परत वर जातात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गेटपाशी गाठून हळूच विचारलं, रोज सकाळी चालणं धरतात का त्यात? धरतात म्हटलं. सिगारेट? ती पण. तेव्हापासून दिसलेले नाहीत.

शिखरेंची सून म्हणे मला बघून बाळाला पदराखाली घेते. एकूण तोटा असा की होळीची पुरणपोळी ह्या वर्षी फक्त काकींकडून आली.

१९ मार्च, पाडवा

गुढीसमोर आई बराच वेळ डोळे मिटून उभी होती. विचारलं काय मागितलंस. म्हणे, तुझ्यासाठी नाही, बँकेसाठी मागितलं.

मामाचा फोन. मी स्टाफ क्वार्टर बघून ठेवलंय, खिडकीतून कृष्णा दिसते म्हणाला. नदी दाखवून माणूस बँकेत नेण्याची ही पहिलीच वेळ असावी. पण खरं सांगायचं तर क्षणभर बरं वाटलं. ठरलेला पगार, ठरलेली सुट्टी, खिडकी. कुणी नावं ठेवणार नाही.

२२ मार्च, रवि.

दे. सर म्हणाले होते, पुस्तकातला तक्ता समजायचा तर ओळखीच्या माणसांचा एक छोटा तक्ता स्वतः करून बघ. म्हटलं आबांची टोळी घेऊ. धान्याच्या गाळ्यांवर एकत्र उचलणारी वीस माणसं, बहुतेक आमच्याच गावाकडची, पाटण तालुक्यातली. रविवारी मार्केट बंद असतं, सगळे खोलीवर पत्ते खेळत बसलेले असतात. वही घेऊन आबांबरोबर गेले. नाव, जन्मतारीख, बिडी-तंबाखू, आईवडील किती जगले.

घरी येऊन एक्सेलमध्ये भरलं. जन्मतारखेच्या रकान्यात वरून खालपर्यंत १ जून, १ जून, १ जून. मला वाटलं चुकून एकच तारीख माउसने खाली ओढली गेली. पुसून परत वहीवरून एकेक भरलं. तरी विसातले सतरा १ जून. साल वेगळं, तारीख तीच.

आबांना दाखवलं. "मग? गुरुजींनी घातलेली तारीख हाय ती," म्हणाले. शाळा जूनमध्ये उघडायची, जन्माचा दिवस कुणालाच माहीत नसायचा, म्हणून गुरुजी सरसकट एक जून लिहायचे.

आणि साल?

साल कानावरून. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं. धरता नाही आला तर पुढच्या वर्षी या.

म्हणजे माझा सगळा तक्ता कानांवर उभा आहे.

२३ मार्च, सोम.

दे. सरांना सांगितलं. इतके हसले की कॅन्टीनवाला पाणी घेऊन आला. डोळे पुसले. मग म्हणाले, माझीही एक जूनच आहे.

२९ मार्च, रवि.

हार मानायची नाही. खोलीवर परत गेले. प्रत्येकाला विचारलं, तुमची आई काय सांगायची, तुम्ही केव्हा झालात? कोयनेचा भूकंप आणि बहात्तरचा दुष्काळ, ह्या दोन खुंट्या मिळाल्या. भूकंपात रांगत होतो, दुष्काळात शेरडं राखत होतो, असं एकेक. सगळ्यांना मजा येत होती. चहा झाला, भजी झाली.

महादूकाका आणि सखाकाका सख्खे भाऊ. महादूकाका थोरले, तीन वर्षांनी. पण शाळेच्या वाटेवर ओढा होता आणि ते पाण्याला भ्यायचे, म्हणून धाकटा शाळेत जायचा झाला तेव्हा दोघांना जोडीनं घातलं. कागदावर दोघे एकाच दिवशी जन्मले. आई एकच, म्हणून बरं.

मग मी अक्कल पाजळली. सगळ्यांची खरी वयं काढून मोठ्याने वाचून दाखवली. नऊ जण कागदापेक्षा लहान निघाले, ते खूश. शंकरकाका कागदावर छप्पन्न, माझ्या हिशोबाने बासष्ट. त्यांचा चहाचा पेला हातातच राहिला.

"पोरी, ती वही मीट," म्हणाले.

१ एप्रिल, बुध.

आबांना टोळीच्या मुकादमाने बोलावून घेतलं. शंकरकाका तीन दिवस कामावर नाहीत. त्यांना वाटतंय मी हे सगळं विम्याच्या ऑफिसात कळवणार आणि उद्या त्यांना घरी बसवणार. महादूकाका वेगळेच पेटलेत. थोरला मी, मग मान मला, म्हणून चहा आधी त्यांनाच द्यायचा असं त्यांनी जाहीर केलंय. सखाकाका म्हणतायत कागद दाखव.

आबांनी घरी येऊन शर्ट काढला, पंख्याखाली बसले आणि म्हणाले की टोळीत पुन्हा कुणाचं वय विचारायचं नाही. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. वहीचं पान फाडून शंकरकाकांना नेऊन दिलं. त्यांनी चुलीत घातलं. गॅस असताना मुद्दाम चूल पेटवली असावी.

५ एप्रिल, रवि.

टोळीचं विचारायचं नाही. पण आबांचं स्वतःचं?

आज ते दाढी करत असताना विचारलं. कागदावर ६६ साल. पण आजी म्हणायची भूकंप झाला तेव्हा तू पोटात होतास, घर हललं आणि तूही हललास. भूकंप ६७ च्या डिसेंबरातला. म्हणजे आबा ६८ चे. म्हणजे बहात्तरमध्ये शाळेत घातलं तेव्हा सहा नाही, चारच वर्षांचे.

मग हात कानाला कसा पोचला?

आबा साबणाच्या तोंडाने हसले. एक तर हात लांब. आणि दुष्काळात शाळेतल्या पोरांना सुकडी मिळायची. आजीने आठ दिवस घरी सराव करून घेतला. मान वाकडी केली की बोट लागतं, गुरुजींनी मान बघितली नाही. किंवा बघितली आणि लिहिलं.

मला एकदम रडू आलं आणि हसू पण. चार वर्षांचं पोर, मान वाकडी करून सुकडीसाठी कान धरतंय. आबा म्हणाले गोड असायची.

रात्रीचं जेवण होईपर्यंत मात्र माझ्या डोक्यात दुसराच आकडा फिरायला लागला होता. दोन वर्षं. आबांची नोकरी खरं तर अजून दोन वर्षं बाकी आहे. दोन वर्षांत मी प्रवेश परीक्षा आणि चार पेपर काढू शकते.

११ एप्रिल, शनि.

गावच्या शाळेत फोन केला. आताच्या हेडमास्तरीण बाई भल्या. जुन्या रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. वरच्या मुलापुढे सुवाच्य अक्षरात १ जून, आणि त्याच्याखाली पान संपेपर्यंत वरीलप्रमाणेच्या दोन-दोन टिकल्या. आबा वरून सातवे. आबांचा जन्म म्हणजे दोन टिकल्या.

१४ एप्रिल, मंगळ.

सुट्टी होती. बेलापूरला एक वकील दिवसभर बसतात म्हणून गेले. इतक्या उशिरा तारीख बदलणं अवघड आहे, पण प्रयत्न करता येईल म्हणाले. आबांचं प्रतिज्ञापत्र लागेल, गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लागेल. मसुदा करून दिला. 'मी शपथेवर लिहून देतो की माझा जन्म भूकंपानंतर झाला.' वाचायला झक्क वाटतं.

१९ एप्रिल, रवि.

कागद आबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट फिरवत वाचला. दहा मिनिटं लागली. मी बाजूला उभी, पेन घेऊन.

"म्हणजे आनखी दोन वर्षं उचलायचं," म्हणाले.

एवढंच. चिडून नाही, टोमणा नाही, बरोबर समजलंय ना ते बघितलं फक्त.

आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी काय मागतेय. दोन आठवडे मी दोन वर्षं, दोन वर्षं करत होते आणि त्या दोन वर्षांत पोती आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पन्नास-पन्नास किलोची. लाखो माणसांच्या आयुष्याचा हिशोब शिकायला निघालेय आणि समोर बसलेल्या एका माणसाची पाठ दिसली नाही. लाज वाटली. अजून वाटतेय.

आबांनी कागदाची घडी करून टीव्हीखाली ठेवली. बघू म्हणाले.

२६ एप्रिल, रवि.

सराव परीक्षा दिली. शंभरात अडतीस. दे. सरांना मेसेज केला. त्यांनी लिहिलं, पहिल्यांदा मला एकतीस होते. मला धीर द्यायला लिहिलं असणार. मी त्यांची एकोणीस वर्षं आठवत बसले.

आईने अडतीस ऐकून देवाला साखर ठेवली.

३ मे, रवि.

हि. काकींची फाईल आज परत केली. काय निघालं म्हणाल्या. काही नाही काकी, म्हातारी मजेत आहे. काकी हिरमुसल्या का खूश झाल्या ते कळलं नाही. म्हणाल्या, "त्या कालच बोंबील मागीत व्हत्या. माजीच फाईल बगून ठेव तू."

शंकरकाका भेटले भाजीच्या गाडीवर. ओळख दिली. जाताना हळू आवाजात विचारलं, कुठं लिहून ठेवलं न्हाईस ना? नाही म्हटलं. मला एक पेरू दिला.

मामाचा फोन रोज. क्वार्टरला रंग काढायचाय, निळा की पिवळा विचारत होता. निळा म्हटलं. म्हणजे मी जातेय का? मला काहीच कळेना झालंय. पुस्तक उघडलं की जायचं नाही असं वाटतं, मिटलं की जायला हवं. दिवसातून सहा वेळा उघड-मीट.

१० मे, रवि.

टीव्हीखालचा कागद आबांनी परत दिला. सही नाही.

म्हणाले, त्या चार वर्षांच्या पोराला शाळेत घातलं त्याची भरपाई देव आत्ता देतोय, दोन वर्षं लवकर सोडतोय, मी कशाला नको म्हणू? गुडघे कागद वाचत नाहीत. एका व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर बसायचं बोलून ठेवलंय त्यांनी, जूनपासून. नुसतं बसायचं, आकडा वाचायचा. खुर्ची पण आहे, पाठ टेकायची.

मी कागद फाडला. बरं वाटलं. मग काट्यावर पगार किती ते विचारलं, आणि ते उत्तर टाळून आबा आंघोळीला गेले. बँक, बँक, बँक. जायलाच हवं. आईला बॅग काढायला सांगितली. आई इतकी खूश की तिने जुन्या बॅगेऐवजी नवी काढली.

१३ मे, बुध.

ऑफिसातून आले तर आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. आबांनी मामाला फोन करून सांगितलं, पोरगी येणार न्हाय, जागा दुसऱ्याला द्या.

मला न विचारता. मी बॅग भरलेली असताना. मी आयुष्यात पहिल्यांदा आबांवर ओरडले. मी नाही म्हटलंच नव्हतं, मी जाणार होते, माझं मी ठरवलं होतं. आबा शांतपणे शेंगा सोलत होते.

"बँकेच्या परीक्षेला बसलीस तवा अब्यास करताना चार-चारदा खायला उठत हुतीस," म्हणाले. "ह्या पुस्तकापुढं बसलीस की ताट निवतं, तुला कळत न्हाय. मी रोज बघतो. मला त्यातलं कायबी कळत न्हाय, पर एवढं कळतं."

माझं ओरडायचं अर्धं राहिलं. पण राग गेला नाही. ताट निवतं म्हणून घर चालत नाही, हे ह्या माणसाला कोण सांगणार? आणि अडतीस मार्क त्यांना माहीत आहेत. माहीत असून फोन केला. जेवले नाही.

१४ मे, गुरु.

मामाने बँकेला काही कळवलेलंच नाही. तो म्हणतो दाजींचं काय ऐकायचं, उद्या पाचपर्यंत पोरीने स्वतः हो-नाही सांगावं. आईने बॅग पुन्हा दाराशी आणून ठेवली. आबांनी ती उचलून आत ठेवली. मग आईने परत. दुपारपासून चारदा झालं असेल. एकमेकांशी बोलत नाहीत, पण बॅग दोघेही जपून ठेवतात, आपटत नाहीत.

फॉर्म भरून तयार आहे. जन्मतारीख, पत्ता, फोटो, सगळं. फक्त शेवटचं बटण. सकाळी सुट्टी कळवायला फोन केला तेव्हा दे. सर म्हणाले, मला विचारू नकोस, मी पक्षपाती आहे, मला डब्याला सोबत हवीय.

काल रात्रीपासून काही खाल्लेलं नाही, आत्ता लक्षात आलं. हे रागाने की पुस्तकाने, ते नक्की सांगता येत नाहीये, आणि आबांना तर मुळीच सांगणार नाही.

मामाचा फोन वाजतोय. आई दारात, आबा खिडकीत, दोघेही माझ्याकडे न बघता बघतायत. चौथी रिंग. उचलते, आणि दुसऱ्या हाताने फॉर्मचं शेवटचं बटण दाबते.